पद्मिनीला मोटारसायकलचा कार्ब्युरेटर चालेल का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लासुर्ण्याला मामांकडे गेलो होतो. अंगणात पोते अंथरून गावातले मिस्त्री बसले होते आणि त्यांच्यासमोर दोन जुने कार्ब्युरेटर मांडलेले होते. दोन्ही १५० सीसीच्या मोटारसायकलींवरून उतरवलेले, बारामतीहून भंगाराच्या भावाने आणलेले. शेजारी मामांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी बॉनेट उघडून उभी होती. गेले आठ महिने ती जागची हललेली नव्हती. तिचा मूळचा सोलेक्स कार्ब्युरेटर झिजून निकामी झाला होता. थ्रॉटलच्या दांड्याभोवतीची भोके ढिली होऊन तिथून हवा शिरत होती. मिस्त्रींनी लेथवर बुश करून बसवून पाहिले, पण त्या खटपटीत कार्ब्युरेटरचे अंगच चिरले. नवा मिळेना, जुना मिळाला तो याहून वाईट निघाला. पाडव्यानंतर भंगारवाला गाडी पाहायला येणार असे ठरले होते. मामी त्या गोष्टीवर खूश होत्या, मामा गप्प होते.

मिस्त्रींनी आम्हाला पाहताच विचारले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. एवढ्याश्या तोंडानं ही गाडी वढंल का? हे दीडशे सीसीचं हाय, आन् गाडी अकराशेची."

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ असेल असे आम्हाला वाटले. दीडशेच्या मानाने अकराशे म्हणजे सातपट, तेव्हा निदान सात कार्ब्युरेटर लागतील! हे उत्तर साफ चूक आहे. ते चूक का आहे हे शोधताना आमचे चार दिवस गेले आणि शाळेत शिकलेले बरेचसे भौतिकशास्त्र पुन्हा हाताळावे लागले.

पद्मिनीला लासुर्ण्यात जीवदान मिळावे यात एक औचित्यही होते. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या या गावाच्या शेजारीच वालचंदनगर आहे. ज्या वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून ११०० ही गाडी तयार होऊ लागली. १९६४ पासून तिचे 'डिलाइट' हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव 'पद्मिनी' झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून कुठेकुठे आहेत, आणि त्यांचे दुखणे बहुधा इंजिनाचे नसते, सुट्या भागांचे असते.

मोटारसायकलचे कार्ब्युरेटर मात्र सध्या भरपूर मिळतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरऐवजी संगणकाने चालणारी पिचकारी आली. जुन्या गाड्या मोडीत निघतात तेव्हा त्यांचे चांगले कार्ब्युरेटर किलोच्या भावाने विकले जातात.

कार्ब्युरेटर काय मोजतो?

एक स्ट्रॉ पाण्याच्या पेल्यात उभी धरा. दुसरी तिच्या वरच्या टोकाशी आडवी धरून जोराने फुंका. पाणी उभ्या स्ट्रॉमधून वर चढते आणि तुषार होऊन उडते. कार्ब्युरेटर तो हाच. इंजिन हवा ओढते, हवेची वाट एका ठिकाणी मुद्दाम अरुंद केलेली असते, त्या गळ्यात हवा वेगाने धावते, तिथला दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाते.

हे सगळे पुस्तकात असते. पुस्तकात बहुधा नसते ते पुढचे गणित, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ७५ मि.मी. चार सिलिंडरांचे आकारमान काढा, १०८९ घन सें.मी. येते. इंजिन चार धावांचे असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा ते एवढी हवा घेते. मिनिटाला ४८०० फेरे असताना सेकंदाला ४३.६ लिटर होतात. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. तीन चतुर्थांश भरतो असे धरले तर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा. मूळ सोलेक्सच्या गळ्याचा व्यास सुमारे २४ मि.मी. म्हणजे क्षेत्रफळ साडेचार चौरस सें.मी. भागाकार केला की गळ्यातल्या हवेचा वेग सेकंदाला ७२ मीटर येतो. बर्नोलीच्या नियमाने दाबातली घट काढली तर ती सुमारे ३० सें.मी. पाण्याच्या स्तंभाइतकी भरते. पेट्रोल उचलायला एवढी घट भरपूर आहे.

आता गाडी सिग्नलला उभी आहे असे समजा. इंजिन ८०० फेऱ्यांवर आहे, थ्रॉटलची तबकडी जवळजवळ बंद आहे, सिलिंडर पाव भागच भरतात. हवा सेकंदाला जेमतेम १.८ लिटर आणि गळ्यातला वेग ४ मीटर. वेग अठरापट कमी झाला. दाबातली घट मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती अठरापट नव्हे, तर सव्वातीनशेपट कमी झाली. ३० सें.मी.चे राहिले १ मि.मी.! वाटीतली पेट्रोलची पातळी जेटच्या तोंडापेक्षा काही मि.मी. खाली ठेवलेली असते. एक मि.मी.च्या ओढीने पेट्रोल तिथवर चढणारच नाही.

म्हणून साध्या कार्ब्युरेटरमध्ये मंद चालीसाठी वेगळा जेट, मधल्या वेगासाठी वेगळी छिद्रे, एकदम पाय दाबला तर वेगळी पिचकारी अशी भानगड करावी लागते. सोलेक्स उघडला की आत इतके तुकडे का निघतात, त्याचे कारण हा एक वर्ग आहे. विद्यार्थ्यांना "वर्ग करून काय उपयोग?" असा प्रश्न पडला तर सोलेक्स दाखवावा.

पाटाचे पाणी आणि पाळी

आता मिस्त्रींचा प्रश्न. १५० सीसीच्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचा गळा २६ मि.मी. होता. मोटारीच्या सोलेक्सपेक्षा दोन मि.मी. मोठाच! मिस्त्रींना हे ठाऊक होते आणि त्यामुळेच ते बुचकळ्यात पडले होते. सातवा हिस्सा इंजिनाला मोटारीहून मोठे तोंड कशाला?

आम्ही कागदावर आकृत्या काढत बसलो होतो. मामांनी चहा पिता पिता विचारले, "मोटारसायकल सारखी हवा ओढती का? का मधी थांबती?"

त्यांनी गाभ्यालाच हात घातला होता. एक सिलिंडरचे इंजिन चार धावांपैकी फक्त एका धावेत हवा ओढते. उरलेल्या तीन धावांत (दाबणे, जळणे, बाहेर टाकणे) कार्ब्युरेटर रिकामा बसतो. मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर १५० सीसीचे इंजिन सरासरीने सेकंदाला ९ लिटरच्या आसपास हवा घेते. पण ही सगळी हवा एक चतुर्थांश वेळात आत जायची असते. म्हणजे ओढायच्या त्या क्षणी प्रवाह चौपट, सेकंदाला ३६ लिटर.

पद्मिनीत चार सिलिंडर आहेत, पण ते एकदम ओढत नाहीत. पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा, असे पाळीने ओढतात. एकाची धाव संपते तिथे पुढच्याची सुरू होते. (झडपा थोड्या लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात, त्यामुळे पाळ्या एकमेकींवर जराशा चढतात. इथे ते सोडून देऊ.) चौघांची वाट एकाच तोंडाशी येत असल्याने त्या तोंडातून हवा जवळजवळ अखंड वाहते, सेकंदाला ३३ लिटर.

छत्तीस आणि तेहेतीस! दीडशे सीसीचा कार्ब्युरेटर आपल्या धावेच्या क्षणी जेवढी हवा सोडतो, तेवढीच अकराशेच्या चार सिलिंडरांना लागते.

मामांना हे आमच्या आधी समजले होते. नीरा डाव्या कालव्यावर ज्याचे आयुष्य गेले त्याला आकडेमोड लागत नाही. चारीवर चार शेतकरी असले आणि ते पाळीने पाणी घेत असले तर चारी एकाच्याच प्रवाहाएवढी रुंद असली तरी पुरते. चौघांनी एकदम दारी उघडली तर भांडणे होतात. चारीची रुंदी शेतांच्या संख्येवर ठरत नाही, एका वेळी किती पाणी वाहायचे आहे त्यावर ठरते.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर दिला तर पाळीचा फायदा जातो आणि प्रत्येक गळा मोठा ठेवावा लागतो. यामाहाची १९९८ सालची आर-१ ही मोटारसायकल ९९८ सीसीची, आकाराने पद्मिनीच्या इंजिनापेक्षा लहानच. पण तिला ४० मि.मी.चे चार कार्ब्युरेटर होते. अर्थात ती पद्मिनीच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरते, हेही त्यात आले. इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींचे शौकीन असे चारचे संच उतरवून आपल्या इंजिनांवर बसवतात. मात्र त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला हवेची वेगळी वाट हवी. पद्मिनीत तशी करायची तर इंजिनाचे हेड कापावे आणि वेल्डिंग करावे लागेल. मिस्त्री तयार होते. आम्ही आणि मामांनी नको म्हटले.

वर-खाली होणारा गळा

पोत्यावरचे दोन्ही कार्ब्युरेटर 'सीव्ही' जातीचे होते, म्हणजे ज्यात गळ्यातल्या हवेचा वेग साधारण स्थिर राहतो असे. ही जात समजून घेण्याजोगी आहे, कारण मघाच्या सव्वातीनशेपटीच्या अडचणीवर तिने फार सुंदर उपाय काढला आहे.

गळ्याच्या वर एक हलका दट्ट्या टांगलेला असतो. त्याच्या डोक्याला रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या वरच्या बाजूला गळ्यातला कमी दाब पोचवलेला असतो आणि खालच्या बाजूला बाहेरची हवा. हवेचा वेग वाढला की वरचा दाब घटतो, दट्ट्या उचलला जातो आणि गळा रुंद होतो. रुंद झाला की वेग पुन्हा उतरतो. दट्ट्याचे वजन आणि वरची नाजूक स्प्रिंग जेवढ्या दाबाने तोलली जाते, साधारण तेवढीच दाबातली घट प्रत्येक वेगाला राहते. दट्ट्याच्या पोटाला एक निमुळती सुई असते व ती जेटमध्ये उतरलेली असते. दट्ट्या वर गेला की सुईभोवतीची फट वाढते आणि पेट्रोलही त्याच मानाने वाढते. अगदी मंद चालीसाठी एक लहान जेट इथेही असतो, पण पुढचे बहुतेक काम हवा आणि सुई आपापसात मिटवतात.

आमच्या दृष्टीने यात मोठी सोय होती. स्थिर गळ्याचा कार्ब्युरेटर गरजेहून मोठा बसवला तर हवा मंदावते आणि पेट्रोल उचलले जात नाही. दोन गळे केले की वेग निम्मा आणि ओढ एक चतुर्थांश. सीव्हीमध्ये गळा मोठा असला तरी दट्ट्या तेवढा वर जातच नाही. जरुरीपुरता उचलून थांबतो.

हा शोध मोटारसायकलवाल्यांचा नव्हे. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज स्किनर यांनी अशा कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. घराणे जोड्यांच्या व्यापारातले, त्यामुळे सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये रबरी पडद्याच्या जागी चामड्याचा भाता होता! त्यांचा 'एसयू' कार्ब्युरेटर पुढे मॉरिस मायनरसारख्या कितीतरी मोटारींवर बसला. तेव्हा मोटारसायकलचा सीव्ही मोटारीवर चढवणे हे वाटते तेवढे विजातीय लग्न नाही. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या मिकुनी कंपनीने तर एके काळी परवान्यावर सोलेक्सचेही कार्ब्युरेटर बनवले होते.

आमची चूक

हवेचे गणित जमल्याच्या आनंदात आम्ही एकच कार्ब्युरेटर बसवून पाहायचे ठरवले. मिस्त्रींनी पत्र्याची जोडपट्टी आणि वाकडी नळी तयार केली. (पद्मिनीच्या इंजिनाचे तोंड वर आकाशाकडे असते आणि मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधून हवा आडवी जाते. कार्ब्युरेटर कलता करता येत नाही, कारण वाटीतली पातळी बिघडते. म्हणून काटकोनी नळी.) पेट्रोलची नळी गाडीच्या पंपाला जोडली आणि मिस्त्रींनी इंजिन फिरवले.

दहा-बारा सेकंदांत कार्ब्युरेटरच्या पोटातल्या नळीतून पेट्रोल भळभळा वाहू लागले आणि खालच्या एक्झॉस्टच्या लोखंडी नळकांड्यावर पडले. इंजिन थंड होते. ते गरम असते तर हा लेख वेगळ्या प्रकारे लिहावा लागला असता. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली आणि मग आमच्याकडे पाहिले. वाळूची बादली मामांनी आणली, ती आम्हाला आधी सुचायला हवी होती. आम्ही हवेचे सगळे हिशेब केले होते, पेट्रोलचा एकही केला नव्हता.

तो आता करू. मोटारसायकलची टाकी कार्ब्युरेटरच्या साधारण ३० सें.मी. वर असते. पेट्रोलची घनता पाण्याच्या तीन चतुर्थांश, म्हणून वाटीच्या झडपेवरचा दाब २२ सें.मी. पाण्याइतका. मोटारीची टाकी मागे आणि खाली असते, त्यामुळे पंप लागतो, आणि असा पंप २०० ते २५० सें.मी. पाण्याइतका दाब देतो. दहापट! झडप बंद ठेवण्याचे काम वाटीत तरंगणारा फ्लोट करतो. त्याला आता दहापट जोर लावायला हवा. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे जास्त जोर मिळवायला फ्लोट जास्त बुडला पाहिजे, म्हणजे वाटीतली पातळी चढली पाहिजे. ती चढली, जेटच्या वर गेली आणि बाहेर पडली. फ्लोटने नियम पाळला, आम्ही तो विसरलो होतो.

पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये दाब उतरवणारी झडप बसवायची आणि उरलेले पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी टाकायची, असे ठरले. मिस्त्रींचा पर्याय सोपा होता: बॉनेटखाली उंचावर छोटी टाकी टांगू. गरम इंजिनावर पेट्रोलची टाकी टांगायला आम्ही कदापि तयार नव्हतो. त्यावर थोडी कुरबुर झाली.

पण दाब उतरवला की दुसरी अडचण येते. पूर्ण जोरात पद्मिनीला तासाला सुमारे १४ लिटर पेट्रोल लागते. सेकंदाला ३३ लिटर हवेचे वजन ३८ ग्रॅम, त्याला तेराने भागा आणि तासाचा हिशेब करा. मिनिटाला हे २३० मि.लि.च्या पुढे जाते. आमच्या कार्ब्युरेटरच्या झडपेचे छिद्र दीड मि.मी.चे होते. ३० सें.मी. उंचीवरून त्यातून मिनिटाला फार तर १५० मि.लि. पेट्रोल येईल. मोटारसायकलला त्यातले ६५ मि.लि. पुरते, म्हणून तिथे कधी अडचण आलेली नसते. इथे पाळीचा नियम उपयोगी पडत नाही. हवा जरी पाळीने गेली, तरी चार सिलिंडरांचे पेट्रोल एकाच वाटीतून जायचे आहे आणि वाटी त्या सरासरीनेच भरली पाहिजे. एकाच कार्ब्युरेटरवर गाडी गावात छान चालली असती आणि लांबच्या चढावर वाटी कोरडी पडून धापा टाकू लागली असती.

म्हणून दोन. मिस्त्रींनी दोन आणले होते ते "एक कमी पडला तर दुसरा" या हिशेबाने. गरज निघाली ती हवेसाठी नव्हे, पेट्रोलसाठी. दाब थोडा चढा ठेवून एकावरही भागले असते, पण पातळीचा धडा ताजा होता.

उसाचा वाटा

मोठ्या जेटचा प्रश्न राहिला होता. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण कार्ब्युरेटरला घालून दिलेलेच असते. इंजिन मोठे झाले म्हणून प्रमाण बदलत नाही. तरी आम्ही जेट बदलला. त्याचे कारण मामांच्या बांधावर उभे होते.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, आणि २०२५ मध्ये हे मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. त्यातले बरेचसे इथेनॉल ऊस आणि मळी यांपासून होते. म्हणजे बारामती-इंदापूरच्या शेतांतले काहीतरी गाडीच्या टाकीत असण्याचा संभव आहे. एक ग्रॅम निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९ ग्रॅमच पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ ग्रॅम. तेवढ्याच हवेबरोबर ८ ते ९ टक्के जास्त इंधन गेले पाहिजे. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिकअप मरतो.

जेटचे क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढवायचे तर व्यास ४ टक्केच वाढतो, १ मि.मी.चा १.०४ मि.मी. पुन्हा वर्गच. "जेट जरा मोठा करतो" म्हणून ड्रिल फिरवणारे मिस्त्री नेहमी अंदाजाबाहेर का जातात, हे यातून दिसेल. आमच्या मिस्त्रींनी ड्रिल बाजूला ठेवून बारामतीहून पुढच्या क्रमांकाचे जेट आणले. मधल्या वेगावर जेटपेक्षा सुईचा अधिकार जास्त असतो, म्हणून सुईच्या डोक्याखाली अर्ध्या मि.मी.ची एक चकती घातली.

इथेनॉल जुने रबरही फुगवते. दोन्ही पडदे आणि सर्व नळ्या त्यामुळे नव्या घेतल्या. एकंदर खर्चातला सर्वांत मोठा भाग या रबराचाच होता. कार्ब्युरेटर जवळजवळ फुकट पडले.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा घेतात का, हे पाहण्यासाठी आम्ही यू-नळी तयार करणार होतो. मिस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरले, आणि सुसाट्याचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवला. नंतर आमच्या यू-नळीने तोच निकाल दिला. (हे प्रयोग करताना वर्गात पेट्रोल आणू नये. फवारा, यू-नळी आणि सलाइनच्या नळीतून वाहणारे पाणी एवढ्यावर सगळे दाखवता येते.)

गाडी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू झाली. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण तपासून मंद चालीचा स्क्रू दोनदा कमी-जास्त करावा लागला, तेव्हा ते मर्यादेत बसले. प्लगच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे यंत्र बरे. बाटलीत अर्धा लिटर मोजून घेऊन चालवले तेव्हा गाडी साडेसहा कि.मी. गेली. जोर पूर्वीएवढाच आहे. तो वाढेल अशी मिस्त्रींच्या मुलाची अपेक्षा होती, पण वाढण्याचे कारण नव्हते. इंजिन तेच, हवा तेवढीच.

असा बदल करणाऱ्याने आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे हे बरे. नोंदणीच्या पुस्तकातला तपशील बदलेल अशा फेरफारांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन आहे. मामांनी अर्ज लिहून ठेवला आहे.

एक दोष राहिला आहे. थंडीत पहाटे गाडी लवकर धरत नाही. काटकोनी नळीच्या वळणावर हवा वळते, पण पेट्रोलचे थेंब जड असल्यामुळे सरळ जाऊन भिंतीवर आपटतात आणि नळी थंड असली तर तिथेच चिकटून राहतात. नळीभोवती रेडिएटरचे गरम पाणी फिरवावे असे आमचे मत. पण पहाटे पाणीच थंड असते, हे मिस्त्रींनी लगेच दाखवून दिले. ते सध्या वळण लांब आणि सौम्य करून पाहत आहेत. तोवर मामा रोज सकाळी चहाच्या आधणातले तांब्याभर गरम पाणी फडक्यावर ओतून ते फडके नळीला गुंडाळतात, आणि गाडी सुरू होते. भंगारवाला पाडव्यानंतर येऊन गेला. त्याने मागच्या सीटवर बसून बारामतीपर्यंत लिफ्ट घेतली.